जात्यावरच्या दोघी

हौसाबाईचं एक होतं. जाणत्या माणसाने काही सांगितलं की ती ते खरं मानायची, आणि खरं मानलं की तसंच वागायची. पहिलं करणारी माणसं गावोगाव सापडतात. दुसरं करणारी फार थोडी, आणि त्यांच्या घरच्यांचे हाल कुत्रा खात नाही. तिच्या नवऱ्याला, पोपटला, हे लवकरच कळून चुकलं. त्याच्या पायांना सूज आली म्हणून कल्याणच्या एका वैद्यबुवांनी मीठ बंद करायला सांगितलं. हौसाबाईने बंद केलं. सूज पंधरा दिवसांत उतरली, पण मीठ काही ताटात परत आलं नाही, कारण ते सुरू करा असं सांगायला वैद्यबुवा विसरले होते. खाडीच्या काठाने मिठाचे ढीग पडलेले असायचे आणि पोपट अकरा महिने अळणी कालवण गिळत होता. शेवटी तो बिचारा वैद्यबुवांना हाताला धरून घरी घेऊन आला, तेव्हा कुठे त्याची सुटका झाली.

ही माणसं मूळची खडवलीकडची, कुणबी. आगगाडीचा रस्ता घाटाकडे सरकू लागला तसे काळुराम आणि पोपट हे दोघे भाऊ रेल्वेच्या गँगमध्ये लागले आणि कल्याणला स्टेशनामागे घर बांधून राहिले. घर एकच. मधे कुडाची भिंत, पुढे दोघांत मिळून एक पडवी, आणि पडवीच्या कोपऱ्यात जातं. काळुराम थोरला, त्याची बायको मालन. हौसाबाई नऊ वर्षांची असताना सासरी आली तेव्हा सासू हयात नव्हती. होती ती ही सोळा-सतरा वर्षांची जाऊ. तिनेच या पोरीच्या डोक्यातल्या उवा काढल्या, वेणी घातली, नऊवारी नेसवली आणि जात्यापुढे बसवून दळायला शिकवलं. पहिलं वर्षभर हौसाबाई नुसता खुंट्याला हात लावून डुलक्या घ्यायची आणि मालन एकटी दोघींचं दळण ओढायची. सासऱ्याला तिने हे कधी कळू दिलं नाही. पुढे मालनला मूलबाळ झालं नाही. हौसाबाईला दोन मुली झाल्या, आणि त्या लग्न होऊन जाईपर्यंत कुडाच्या पलीकडेच जास्त असायच्या.

मग पोपटला विषमज्वर झाला. बेचाळीस दिवस तो अंथरुणाला खिळून होता. ज्या दिवसांत शेजारीपाजारीही लांबून चौकशी करून जात, त्या दिवसांत त्र्यंबकराव रोज संध्याकाळी येऊन त्याच्या उशाशी बसायचे. त्र्यंबकराव म्हणजे कल्याणातल्या छोट्या ख्रिस्ती शाळेचे पंतोजी. जन्म शास्त्र्यांच्या घरातला, पण पंचविशीत ख्रिस्ती झाले आणि बापाने जिवंतपणी त्यांचं श्राद्ध घातलं. रविवारी शाळेतच उपासना व्हायची, ती तेच चालवायचे. पोपट उठून बसला आणि म्हणाला, या माणसाचा जो देव तो माझा. हौसाबाईने मात्र महिनाभर पंतोजींना प्रश्न विचारून भंडावून सोडलं, त्यांच्या बायकोकडून, सुमतीबाईंकडून, अक्षरं शिकून घेतली, आणि मगच ठाण्याला जाऊन नवऱ्याबरोबर बाप्तिस्मा घेतला. पोपट ख्रिस्ती झाला तो पंतोजींच्या उपकारापोटी. हौसाबाई झाली ती हाडापर्यंत.

जातपंचायत बसली. पंचांनी निकाल दिला : पाणी बंद, विस्तव बंद, पंगत बंद. काळुराम मान खाली घालून ऐकत होता. बायकांनी पंचांपुढे तोंड उघडायची रीत नव्हती, पण दाराआडून मालनचा आवाज आला, "आनि दळन?" याचा विचार कुणी केलाच नव्हता. सर्वांत म्हाताऱ्या पंचाने दाढी खाजवली आणि कोरड्या धान्याला कसला आलाय विटाळ, असं म्हणून तो उठला.

तेवढं एक राहिलं. दिवसभर एकीने दुसरीच्या घागरीला हात लावायचा नाही, चुलीतला निखारा मागायचा नाही, सणाला ताट द्यायचं नाही. पण पहाटे दोघी जात्यापाशी समोरासमोर बसायच्या, गुडघ्याला गुडघा लावून, एका खुंट्यावर दोघींचे हात. बोलायचं ते तिथेच बोलून घ्यायला लागायचं. त्यामुळे दोन पायली दळायला त्यांना जेवढा वेळ लागे तेवढा अख्ख्या वस्तीत कुणाला लागत नसेल. अशी बारा वर्षं गेली.

राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून गावोगाव दिवे लावले, त्या साली भाद्रपदात हार्लो साहेब आले. ते कुठल्याच मिशनचे नव्हते. पूर्वी रेल्वेच्या मोजणीच्या कामावर होते, आता ते सोडून धर्म सांगत हिंडायचे. त्यांच्या पंथाचे लोक पाद्री ठेवत नसत, एकमेकांना नुसतं बंधू म्हणत आणि शास्त्र उघडून वाचत बसत. साहेब उंच, वाळके, स्वभावाने लोण्यासारखे मऊ. मराठी पुस्तकातून शिकले होते, त्यामुळे तहान लागली की "मला जल देण्याची कृपा व्हावी" असं म्हणायचे आणि वस्तीतल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. अडलं की त्र्यंबकराव दुभाष्याचं काम करायचे. साहेब ठाण्याला राहायचे, शनिवारी गाडीने कल्याणला यायचे आणि येताना काखेत कापडाची एक भली मोठी गुंडाळी घेऊन यायचे.

ती गुंडाळी शाळेच्या भिंतीवर उलगडली की जगाची उत्पत्ती दारापाशी यायची आणि शेवट खिडकीपाशी. मधे काळाचे सात भाग, प्रत्येकाचा रंग निराळा. खिडकीच्या जरा अलीकडे एक ढग काढलेला होता आणि जमिनीवरून बोटभर उंचीची माणसं त्या ढगाकडे तरंगत चालली होती. साहेबांनी छडीने ती माणसं दाखवली. प्रभू दोन वेळा येणार आहे, ते म्हणाले. पहिल्यांदा गुपचूप, ढगापर्यंतच, आणि आपली माणसं उचलून घेऊन जाईल. मागे उरलेल्यांवर सात वर्षं घोर संकट कोसळेल. मग तो दुसऱ्यांदा, सर्वांच्या देखत येईल. त्या पहिल्या येण्याची वेळ कुणालाच ठाऊक नाही. उद्याही येईल, आत्ताही येईल.

"टायमटेबलात नसलेली स्पेशल," पोपट शेजारच्याच्या कानात पुटपुटला. हौसाबाईने त्याला कोपराने ढोसलं.

मग साहेबांनी शास्त्रातली एक गोष्ट सांगितली. दोघी जणी जात्यावर दळत असतील. एक नेली जाईल, एक ठेवली जाईल.

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांच्यासमोर जात्यावर बसणाऱ्या सगळ्या त्यांच्याच सुना-मुली, सगळ्या बाप्तिस्मा घेतलेल्या. हौसाबाईने मान डोलावली नाही. ती उभी राहिली. "साहेब, समोर बसलेली जाऊ असंल तर?"

त्र्यंबकरावांनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी विचारलं, "ती विश्वासात आहे काय?"

"नाय."

साहेबांचे डोळे भरून आले. खोटं रडणारा माणूस नव्हता तो. "भगिनी," ते म्हणाले, "तर ती ठेवली जाईल."

दुसरी एखादी असती तर घरी येऊन रडली असती, आणि चार दिवसांत कामाच्या रामरगाड्यात विसरली असती. हौसाबाई रडली नाही. तिने रात्रभर विचार केला आणि तिला तोड सापडली. दोघी दळत असतील तर एक नेणार, एक ठेवणार. म्हणजे दोघी असल्या तर. जोडीच नसली तर कुणाला नेणार आणि कुणाला ठेवणार? मालनच्या समोर बसायचंच नाही. निदान आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या हातातून, ती मागे राहायची नाही. हा विचार तिला इतका पक्का वाटला की तिला झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून ती तासभर आधी उठून एकटीच दळू लागली. दोघींचं जातं ते, एकीला ओढायचं म्हणजे खांदे भरून येत. पीठ जाडंभरडं निघे, भाकरी थापताना कडेला फाटे. शास्त्रात शेतातल्या दोघांचीही गोष्ट होती. पोपटने त्यावर, मी रुळांवर असतो, मला काय त्याचं, असं म्हणून हात झटकले. पण त्र्यंबकरावांच्या तोंडून सहज निघून गेलं की एका अंथरुणावरच्या दोघांचीही गोष्ट आहे. हौसाबाईने पोपटकडे पाहिलं. शिमग्याला तो अजून चोरून घोटभर घेत असे आणि उपासनेत घोरत असे. त्याचा काही भरवसा नव्हता. त्याच दिवशी त्याची घोंगडी पडवीत गेली.

पहिल्याच पहाटे मालन धान्याची टोपली घेऊन आली तेव्हा हौसाबाई पीठ भरून उठत होती. मालन टोपली घेऊन परत गेली. आठवडाभर ती रोज टोपली घेऊन यायची आणि रोज दळण उरकलेलं असायचं. आठव्या दिवशी तिने विचारलं, "हौसे, आता तुमच्यात पन विटाळ सुरू झाला का?"

खरं सांगावं तर तोंडावर म्हणायचं की बाय, मला नेतील आणि तुला ठेवतील. हे कसं सांगायचं? हौसाबाई नुसती, "तसं नाय गो बाय," एवढंच म्हणाली आणि आत गेली. मालनने टोपली उचलली आणि चार घरं सोडून राहणाऱ्या गोदाकडे दळायला जाऊ लागली. गोदाच्या घरी तिच्याशी कुणी बोलायचं नाही असं नाही, पण तिथे तिचं दळण अर्ध्या वेळात व्हायला लागलं.

दिवाळीच्या आधी पोपट कामावरून आला तो तोंड पाडून. "दादा नोकरी सोडतोय," तो म्हणाला. "दिवाळीला खडवलीला जातो म्हनतो, कायमचा."

काळुराम दोन वर्षं हे म्हणत होता. त्याचे गुडघे दुखायचे, गावी थोडी जमीन होती. मालनच आजवर नको म्हणत होती. नको का म्हणतेस असं त्याने विचारलं की ती उत्तर देत नसे, पण ते जात्यापायी आहे हे सगळ्या घराला ठाऊक होतं. आता तीच म्हणाली होती, जाऊ या.

हौसाबाई तशीच उठली आणि पंतोजींच्या घरी गेली. त्र्यंबकराव ओसरीवर मुलांच्या पाट्या तपासत होते. ती पायरीवर बसली आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाली, "पंतोजी, ही ढगाची गोष्ट कुठून आली? मला आनि आमच्या ह्यांना ठान्याला ज्या पाद्रीसाहेबांनी बाप्तिस्म्याचं पानी दिलं, त्यांनी कधी सांगितली न्हवती. तुमी बी न्हवती सांगितली. तुमाला ठावं न्हवती, का तुमी लपवून ठेवली?"

त्र्यंबकरावांनी पाटी खाली ठेवली. गेले दोन महिने हा काटा त्यांनाही बोचत होता. दुभाष्याचं काम हे असं की मनात असो नसो, दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडातून काढावं लागतं. "लपवली नाही, हौसाबाई," ते म्हणाले. "मलाही ठाऊक नव्हती. आमच्या वडिलांपुढे कुणी काही नवा सिद्धांत मांडला की ते एकच विचारायचे, आधार कोणता आणि आधी कोणत्या आचार्याने म्हटलंय. मी साहेबांना तेच विचारलं."

"मग?"

"साहेब खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, प्रभू येणार हे पहिल्यापासून सगळ्या मंडळ्या मानत आल्या आहेत. पण तो दोनदा येणार, आधी गुपचूप आपली माणसं घेऊन जाणार आणि मग संकट, हे असं स्पष्ट कुणी मांडलं ते गेल्या पन्नास-साठ वर्षांतलं. विलायतेत मोठमोठ्या देवळांच्या थाटामाटाला कंटाळलेली काही भाविक मंडळी घरोघर जमून शास्त्र वाचायला लागली, त्यांच्यात ते निघालं. काही लोक म्हणतात, तिकडे एका आजारी मुलीला दृष्टान्त झाला त्यातून ते आलं. साहेबांच्या पंथाला हे मान्य नाही. ते म्हणतात, शास्त्रात होतंच, आम्ही फक्त नीट वाचलं."

"म्हंजे नवं हाय."

"नवं आहे. पण नवं म्हणून खोटं असं मला म्हणता यायचं नाही. या गावात तुम्ही-आम्हीही नवेच आहोत." त्र्यंबकराव आत जाऊन ग्रंथ घेऊन आले. "वाचून पाहू. तुम्ही वाचा."

हौसाबाई बोट ठेवून, एकेक अक्षर जोडून वाचू लागली. जात्यावरच्या दोघींच्या थोडं वर नोहाच्या पुराची गोष्ट होती. नोहा घरच्यांना घेऊन मोठ्या नावेत बसला होता. लोक खात होते, पीत होते, लग्नं करत होते, आणि पूर आला आणि त्या सगळ्यांना घेऊन गेला. तसंच मनुष्याच्या पुत्राच्या, म्हणजे प्रभूच्या, येण्याच्या वेळी होईल. इथे ती थांबली. खडवलीच्या नदीला पूर येतो तेव्हा तो काय करतो हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"पंतोजी, हितं पुरानं नेलं ती तर बुडाली. नोहा राहिला तो वाचला."

"असंच दिसतं."

"मग नेलेली बरी का ठेवलेली बरी?"

त्र्यंबकरावांनी चष्मा काढून पुसला. "हेच मला कळत नाही. साहेबांना मी हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, या ओळीवर आमच्यातही दोन मतं आहेत. त्यांचा खरा आधार हा नाहीच. तो दुसरीकडे आहे, एका पत्रात." त्यांनी पानं उलटली. पहिल्या काळातल्या एका मंडळीतली काही माणसं मेली होती आणि मागची माणसं शोक करत होती, म्हणून प्रेषिताने त्यांच्या समाधानासाठी ते पत्र लिहिलं होतं. प्रभू आकाशातून उतरेल, मेलेले आधी उठतील, आणि मग जिवंत असलेले त्यांच्यासह ढगांत, प्रभूला सामोरे जातील.

"सामोरे," हौसाबाई म्हणाली.

"हो. वर जातील, असं साहेब म्हणतात. आणि तिथूनच स्वर्गात."

हौसाबाईने पान मिटू दिलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे ढग नव्हता, खडवलीची वेस होती. तिचं स्वतःचं लग्न. तेव्हा नवऱ्याचं वऱ्हाड नदीपलीकडून यायचं होतं आणि वाजंत्री ऐकू आली की सगळं गाव उठून वेशीपर्यंत गेलं होतं. तिचा बाप, चुलते, बायका, पोरंसोरं. वेशीवर नवरदेवाचे पाय धुतले, पूजा केली, आणि त्याला वाजतगाजत गावात आणलं.

"पंतोजी, तुमच्या बामनांत सीमांतपूजन करतात ना?"

"करतात."

"मंग सामोरी गेलेली मानसं कुटं जातात?"

त्र्यंबकराव गोंधळले. "कुठे जातात म्हणजे?"

"नवरदेव वेशीवर आला. गाव सामोरं गेलं. मंग गाव काय नवरदेवासंगं त्याच्या गावाला पळून जातं का? त्याला घेऊन मागारी येतं. मांडव तर हितं घातलाय. आनि गुपचूप कुनी येतं का असं? हितं तर वाजंत्री हाय म्हनून लिवलंय." तिने बोट ठेवलं. तिथे कर्ण्याचा उल्लेख होता.

त्र्यंबकरावांनी तिच्या बोटाखालची ओळ पुन्हा वाचली. त्यांनी हे पत्र पन्नास वेळा वाचलं असेल, त्यावर प्रवचनं केली होती, सीमांतपूजनंही किती पाहिली होती. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं. "असं असेलच, असं मी छातीठोक सांगू शकत नाही," ते सावकाश म्हणाले. "पण तुमचं वाचन साहेबांच्या वाचनापेक्षा पत्राच्या अक्षराला जवळ आहे. हे त्यांना ऐकवा."

हार्लो साहेब सोमवारी सकाळच्या गाडीने ठाण्याला परतायचे. हौसाबाईने त्यांना फलाटावर गाठलं, काखेतल्या गुंडाळीसकट. तिने पुराचं सांगितलं, वेशीचं सांगितलं. साहेबांनी मधे एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "भगिनी, माझी पत्नी कसाऱ्याच्या घाटाखाली तापाने वारली. मरताना ती म्हणाली, आपण मेघात भेटू. मी विसाव्या वर्षापासून हे मानत आलो आहे आणि आता मला ते सोडता येणार नाही. कदाचित माझी चूक होत असेल." मग म्हणाले, "परंतु जात्याची गोष्ट मी सांगावयास नको होती. इथे प्रत्येक गृहात जाते पाहिले, म्हणून मला मोह झाला. मी तुम्हाला भय घातले. मला क्षमा करा."

एवढा मोठा साहेब, फलाटावर हमाल पाहत असताना, असं म्हणाला. हौसाबाईचा त्यांच्यावरचा राग तिथेच पार निघून गेला. तिने त्यांना घरून आणलेल्या दोन भाकऱ्या दिल्या, जाड्याभरड्या पिठाच्या, आणि ती घरी निघाली.

घरी पोचली तर पडवीत मालनची गाठोडी बांधून ठेवलेली. काळुराम बैलगाडीवाल्याला आणायला गेला होता. भांड्यांची पाटी भरलेली होती आणि मालन तिच्यावर फडकं बांधत होती. हौसाबाई जात्यापाशी बसली.

"बाय, माझं एक ऐक."

"बोल," मालन वर न पाहता म्हणाली.

हौसाबाईने सगळं सांगितलं. गुंडाळी, ढग, दोघी जणी, एक नेली, एक ठेवली. आपण जोडी का मोडली ते सांगितलं. पंतोजींकडे काय वाचलं, साहेब काय म्हणाले, तेही सांगितलं. मालन फडक्याची गाठ मारायची थांबली होती.

"म्हंजे तुला वाटलं, तुजा देव येईल, तुला घेऊन जाईल आनि मला ठेवंल."

"व्हय."

"आनि तसं होऊ नये म्हनून तू उठून गेलीस."

"व्हय गो बाय."

"तुजा देव तर अजून आलाच नाय," मालन म्हणाली. "मला ठेवून गेलीस ती तू."

हौसाबाईला हे दोन महिन्यांत एकदाही दिसलं नव्हतं. पूर, वेस, कर्णा, सगळं तिने वाचून काढलं, पंतोजींना निरुत्तर केलं, साहेबाला क्षमा मागायला लावली, आणि ही एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. तिने पदर डोळ्यांना लावला आणि ती लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडू लागली. मालन तिला रडू देत होती. वेणी घालतानाही ती असंच करायची, आधी रडून होऊ द्यायची.

मग मालनने गाठोड्यातून सूप काढलं, त्यात तांदूळ घेतले आणि ती येऊन समोर बसली. भर दुपारी कुणी दळत नाही. तिने जात्यात मूठभर घास टाकला आणि खुंट्याला हात लावला. थोड्या वेळाने हौसाबाईचाही हात येऊन बसला. काळुराम बैलगाडी घेऊन आला तेव्हा दोघी दळत होत्या. तो गाडीवाल्याकडे पाहून ओशाळला आणि, आज राहू दे, असं म्हणाला.

"तो वेशीवरचा पाव्हना," मालन मधेच म्हणाली, "आला तर तुला कळंल ना आधी?"

"वाजंत्री वाजंल म्हनं."

"मी झोपलेली असले तर? मला हाक मार. मीबी येईन सामोरी. गावात पाव्हना आला तर सामोरं जायला तुज्या पाद्रीचं पानी डोक्यावर घ्यावं लागतं का?"

याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात हौसाबाईने वाचलं नव्हतं. पंतोजींना विचारलं असतं तर त्यांनी चष्मा काढून पुसला असता. साहेबांना विचारलं असतं तर त्यांचे डोळे भरून आले असते. हौसाबाईने कुणालाच विचारलं नाही.

"मारीन हाक," ती म्हणाली. "तू उठंस्तवर मी वेशीकडं जायची नाय."